एचडीएमआय १.४ वर १०८०पी १४४ हर्ट्झ बसवायचंय, पण टेस्टला स्क्रीन काळी होते

काळापडदा:
लॅपटॉपला एकच एचडीएमआय १.४ पोर्ट आहे, डिस्प्लेपोर्ट नाही. बाहेरचा मॉनिटर १९२०×१०८०, १४४ हर्ट्झचा. विंडोजच्या यादीत १२० च्या वर काही येत नाही. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन करून १४४ टाकलं, की स्क्रीन काळी होते आणि थोड्या वेळाने जुना मोड परत येतो. पोर्ट कमी पडतोय की टायमिंग चुकतंय? केबल बदलून उपयोग होईल का?

पिक्सेलमोज्या:
केबलला हात लावण्याआधी गुणाकार करा. एचडीएमआय १.४ ची मर्यादा आहे ३४० मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक, म्हणजे दर सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे तो वेग. हा क्लॉक नुसत्या दिसणाऱ्या पिक्सेलवर ठरत नाही. ब्लँकिंग (चित्राभोवतीचे न दिसणारे पिक्सेल आणि ओळी) धरून एकूण आडवे × एकूण ओळी × हर्ट्झ.

टीव्हीवाल्या टायमिंगने: २२००×११२५×१४४ = ३५६.४ मेगाहर्ट्झ. बसत नाही.
सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँकने (कमी ब्लँकिंगचं प्रमाणित टायमिंग): २०८०×११५७×१४४ = ३४६.५. थोडक्यात हुकतं.
रिड्यूस्ड ब्लँक व्ही२ ने: २०००×११५७×१४४ = ३३३.२. बसतं!

तुमच्या पॅनेलने बहुधा पहिल्या दोनांपैकी एक निवडलंय. टायमिंग 'मॅन्युअल' करा आणि हे आकडे भरा (पोर्च आणि सिंक हे ब्लँकिंगचेच भाग). आडवे: फ्रंट पोर्च ८, सिंक ३२, बॅक पोर्च ४०. उभे: फ्रंट पोर्च ६३, सिंक ८, बॅक पोर्च ६. पोलॅरिटी आडवी प्लस, उभी मायनस. रंग ८ बिटच ठेवा. १० बिट केलं की लागणारा क्लॉक सव्वापट होतो, म्हणजे ४१६ च्या पुढे, आणि सगळी मेहनत वाया.

ड्रायव्हर तरीही नाकारत असेल तर सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी हा प्रोग्रॅम) वापरा. मूळ पहिली एंट्री काढू नका, नवी तिच्याखाली जोडा. एक्स्टेन्शन ब्लॉकमधल्या (मॉनिटरच्या स्वतःच्या माहितीचा जोडभाग) एचडीएमआय सपोर्टमध्ये कमाल टीएमडीएस क्लॉक (एचडीएमआय सिग्नलचा क्लॉक) कमी लिहिलेला असेल तर ३४० करा. मग सोबतची रीस्टार्ट६४ फाइल चालवा. चित्रच गेलं तर सेफ मोडमध्ये जाऊन रीसेट-ऑल चालवलं की सगळं मूळपदावर येतं. ती फाइल कुठे ठेवली आहे हे आधीच लक्षात ठेवा, काळ्या स्क्रीनवर शोधता येत नाही.

ओळीमोजणारा:
वरचं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. ११५७ ओळी × १४४ म्हणजे १६६.६ किलोहर्ट्झ आडवी फ्रिक्वेन्सी (दर सेकंदाला काढायच्या ओळी). मॉनिटरच्या माहितीपुस्तकात एचडीएमआयसाठी दिलेली किलोहर्ट्झची कमाल मर्यादा बघा. ती याच्या खाली असेल तर क्लॉक बसूनही 'आउट ऑफ रेंज' येईल.

अशा वेळी उलटं करून बघा: आडवं २०८० ठेवा, ओळी ११२५ वर आणा. क्लॉक ३३६.९६ मेगाहर्ट्झ, आडवी फ्रिक्वेन्सी १६२ किलोहर्ट्झ. जे मॉनिटर ८० पिक्सेलचं आडवं ब्लँकिंग घेत नाहीत, त्यांच्यावरही हे चालण्याची शक्यता जास्त. मात्र उभं ब्लँकिंग साधारण ४६० वरून २७८ मायक्रोसेकंदांवर येतं. ग्राफिक्स मेमरीचा क्लॉक या मोकळ्या वेळात बदलला जातो. वेळ अपुरा पडला तर काही कार्डांवर मेमरी रिकाम्या बसल्यासुद्धा पूर्ण वेगाने धावत राहते आणि लॅपटॉप तापतो. म्हणून आधी व्ही२, नाइलाजाने हे.

काळापडदा:
व्ही२ च्या आकड्यांनी चित्र आलं! पण दर दोन-तीन मिनिटांनी क्षणभर स्क्रीन जाते आणि परत येते. आणि खरंच १४४ चालू आहे हे कसं ओळखायचं?

पिक्सेलमोज्या:
आता केबलचा प्रश्न. क्षणभर जाणं किंवा पांढरे ठिपके चमकणं म्हणजे सिग्नल काठावर आहे. आखूड, हाय स्पीड केबल लावा, मधले अडॅप्टर काढा. तरी थांबलं नाही तर १४० हर्ट्झवर या. त्याच २०००×११५७ ला ३२४ मेगाहर्ट्झ लागतात, आणि १४० आणि १४४ मधला फरक डोळ्याला कळत नाही.

तपासायला विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड' बघा, 'डेस्कटॉप मोड' नको. तोही पुरेसा नाही, कारण काही मॉनिटर सिग्नल घेतात आणि फ्रेम गाळतात. फ्रेम स्किपिंगची चाचणी (जी दर फ्रेमला पुढचा एक चौकोन उजळते) लावा, फोनचा शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढा. १४४ ला सलग चौदा-पंधरा चौकोन उजळलेले दिसले पाहिजेत. मध्ये एखादा काळा राहिला तर फ्रेम गळतेय.