प्रतिसाद : मांडवी नदीतली सूर्यास्ताची बोट

ताई, बडोद्याहून डिसेंबरात गोव्याला जाताय, सोबत सासूबाई आहेत, आणि सूर्यास्ताची बोट घ्यावी की रात्रीची, असं विचारलंत. माझं मत ठाम आहे: सूर्यास्ताचीच घ्या. अंधार पडल्यावर नदीच दिसत नाही, उरतात फक्त दिवे.

पणजीत सांता मोनिका जेटीवरून या बोटी सुटतात, फेरी साधारण तासाभराची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा त्याआधी सुटणारी फेरी कोणती ते विचारूनच तिकीट काढा. बोट मांडवीच्या मुखाकडे, म्हणजे पश्चिमेला निघते. उजव्या हाताला रेइश मागूशचा किल्ला येतो, लालसर दगडाचा, अगदी पाण्याजवळच्या टेकाडावर. तिरपं ऊन त्याच्या तटावर पडतं तेव्हा सगळ्यांनी तिकडेच बघावं, असं मला मनापासून वाटतं. पण नेमकं तेव्हाच बोटीवरच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा निवेदक पाहुण्यांना नाचायला बोलावतो!

नाच मात्र चुकवू नका. ‘देखणी’ नावाचा गोव्याचा नाच, फुगडी आणि जोडीजोडीने नाचायचा पोर्तुगीज वळणाचा कोरिडिन्यो. घुमट हे वाद्य दिसलं तर नीट बघा: मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे, आता बंदीमुळे बकऱ्याचं लावतात.

सासूबाईंना स्पीकरपासून लांब, कठड्याजवळ बसवा. वारा बराच असतो, शाल घ्याच. वरच्या डेकचा जिना उभा असतो, त्यामुळे गर्दी व्हायच्या आत त्यांना वर न्या.