भुयारी स्थानक: पाण्याचं काय करायचं?

मंडळी, मदत हवी आहे. भुयारी मेट्रो स्थानकाच्या आराखड्याचा अभ्यास करतोय. पद्धत वरून खाली बांधत जायची: आधी दोन्ही बाजूंना डायफ्रॅम वॉल (जमिनीत खोल चर खणून त्यात ओतलेली काँक्रीटची भिंत), मग छताचा स्लॅब, त्यावरून रस्ता पुन्हा सुरू आणि खोदकाम त्याखाली. इथवर ठीक. घोडं अडलंय ते भूजलापाशी. खड्ड्यातलं पाणी उपसलं की बाहेरचीही पातळी उतरू शकते, माती दबते आणि शेजारच्या उथळ पायाच्या जुन्या इमारतींना तडे जातात. भिंत खडकात रुतवली तर गळती कमी, पण खर्च बघून डोळे पांढरे होतात! शिवाय बांधून झालेलं स्थानकच पाण्याच्या दाबाने वर उचललं जाऊ पाहतं. तिथे नुसत्या वजनावर भागतं की टेन्शन पाइल (स्थानकाला खाली धरून ठेवणारे जमिनीतले खांब) घालता? आणि पिझोमीटर (भूजलाचा दाब मोजणारं उपकरण) भिंतीपासून किती लांब बसवता? साइटवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.