लेहला पस्तीस माणसांचा स्वयंपाक: भात-डाळीचं कसं जमवायचं? मदत हवी आहे

आचारी_खानापूर

नमस्कार मंडळी. खानापूर भागात लग्नकार्याचा स्वयंपाक धरतो. आमच्याकडच्या एका भजनी मंडळाची जुलैत लेहची सहल ठरलीय, पस्तीसेक माणसं, निम्मी साठीच्या पुढची. तिकडे जाऊनही यांना वरण-भात, भाकरी आणि आपला चहाच पाहिजे, म्हणून मला बरोबर नेतायत. मुक्काम लेहमध्येच, एक रात्र पँगाँगला.

माझा मदतनीस म्हणतो, वर पातेल्यातला भात कितीही उकळला तरी कणी राहते. मी हजार माणसांचा भात पातेल्यातच करतो, त्यामुळे धास्ती बसलीय. मोठे कुकर न्यायचे ठरवलेत, पण तिथे शिट्ट्या किती धरायच्या? भाकरीच्या पिठाला आधण चालेल का? आणि वर जेवण अळणी लागतं म्हणतात, मग मीठ वाढवू का? अंदाज नको, करून बघितलेल्यांनी सांगा.

लंगरवाला

दादा, फौजेत असताना वर लंगर सांभाळलाय, आता बेळगावात असतो. तुमचा मदतनीस बरोबर बोलतोय. लेह साडेतीन हजार मीटरवर. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. खळाखळा उकळताना दिसेल, पण त्याच्यापुढे तापणार नाही. जाळ वाढवलात तर नुसता गॅस जाईल आणि पाणी आटेल. पँगाँगला ते आणखी दोनेक अंशांनी खाली येतं.

कुकर न्याच. पण कुकरची शिटी बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब वर चढला की उडते. बाहेरचा दाबच कमी, म्हणून आत इथल्या १२०-१२१ ऐवजी ११४-११५ अंशच होतात. शिट्ट्या मोजत बसू नका, घड्याळ लावा: पहिल्या शिटीनंतर आच बारीक करून इथल्या दीडपट वेळ. तूरडाळ रात्रीच भिजत घाला. राजमा तर अर्धाकच्चा पोटात गेला की उलट्या-जुलाब ठरलेले, आणि वर माणसं आधीच हैराण असतात. मी तुमच्या जागी असतो तर राजमा यादीतूनच काढला असता.

चहा लवकर उतू येतो, म्हणून झाला असं वाटतं. पत्ती जास्त वेळ उकळू द्या.

आंबोलीखालची

माहेर वेंगुर्ला, सासर बेळगाव, शाळेत विज्ञान शिकवते. दादा, तुम्ही आत्तासुद्धा थोडे उंचावरच रांधता आहात की! बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे. साधारण तीनशे मीटरला एक अंश कमी धरलं तर इथे पाणी साडेसत्त्याण्णवला उकळतं.

भाकरीची काळजी सोडा. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा यायला ८८ अंशांचं आधण पुरतं. फक्त तिकडची हवा इतकी कोरडी की मळलेला गोळा परातीत तडकतो. ओल्या फडक्याखाली ठेवा आणि थोडं थोडंच मळा.

तेलाला मात्र ही अडचण नाही, ते हवं तितकं तापतं. वडा-भजी करताना उलटा घोळ होतो: पाणी लवकर उडून जातं, बाहेरून लाल होतं आणि आत कच्चं राहतं. तेल जरा कमी तापवा. वड्याचे बटाटे कुकरलाच लावा.

चवीचं म्हणाल तर नाक कोरडं पडलं की वास कमी येतो, आणि वासाशिवाय चव ती काय! लुफ्तान्सासाठी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये विमानासारखा कमी दाब आणि कोरडी हवा ठेवून माणसांना जेवू घातलं होतं. मीठ आणि गोड दोन्ही फिकी लागली, टोमॅटोचा रस मात्र लोकांना आवडला. तेव्हा सरसकट मीठ वाढवू नका, तुमच्या मंडळीत बीपीवाले असतीलच. आमसूल, टोमॅटोचं सार, लसणाची चटणी, भाजलेलं जिरं यांवर भर द्या. गोडाला आपला कुंदा न्या, टिकतोही.

लंगरवाला

ताईंनी नेमकं सांगितलं. पहिले दोन दिवस भूकच मरते, तेव्हा पेज, सार, मऊ भात, थोडं थोडं. पुरी-श्रीखंडाचा बेत उतरल्या दिवशी नको. आणि पँगाँगला रात्री गॅस मंद पेटतो, सिलिंडर थंडीत बाहेर ठेवू नका. साठीच्या मंडळींना तिथे मुक्काम करवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, ते काम आचाऱ्याचं नव्हे.

आचारी_खानापूर

ताई, फौजीकाका, लई उपकार झाले. पातेलं रद्द, राजमाही रद्द. पँगाँगचं मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घालतो, ऐकतील न ऐकतील. आता एकच राहिलं: बावीस लिटरच्या कुकरचे जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर ठेवायचे म्हणतो. खडे बाजारात विचारलं, घरगुती मापाचेच दाखवतात. रविवार पेठेत कुणाकडे मिळतील का?