मदत हवी आहे : रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरचे वजन (म्हणजे तो ओढायला लागणारा जोर) घरी नेमके कसे मोजावे?

नमस्कार. माझ्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले .३२ बोअरचे, रीतसर परवाना असलेले रिव्हॉल्व्हर आहे. गेल्या महिन्यात दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराने ते हातात घेताच "ट्रिगर फार जड आहे, स्प्रिंग बदलून देतो" असे सांगितले; जड म्हणजे किती, असे विचारल्यावर मात्र त्याला आकडा सांगता आला नाही. स्प्रिंग वाजवीपेक्षा हलकी झाली तर घोड्याचा आघात कमी पडतो आणि काडतूस पेटतच नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी आधी मोजायचे ठरवले.

आमचा सोलापुरात सुताचा धंदा असल्याने घरात काट्यांना तोटा नाही. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा डिजिटल काटा प्रथम लावला. परंतु तो आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतो, त्यामुळे ट्रिगर सरकत असताना मध्येच येणारा सर्वाधिक जोर त्याच्या हाती लागत नाही. मग काटा असलेला दहा किलोचा साधा ताणकाटा घेतला, चादरीच्या सुताला पीळ देऊन त्याचा फास ट्रिगरला अडकवला आणि सिलिंडरची सहाही घरे रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मोजमाप केले. घोडा आधीच मागे ओढून ठेवल्यास दर वेळी १.९ ते २ किलो भरले. ट्रिगरनेच घोडा उचलायचा, म्हणजे डबल ॲक्शनमध्ये, मात्र ५.१, ६.३, ५.५ असे काहीही येते. मामांचे विलायती रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः धरले आणि मी काटा ओढला, तेव्हा ४.६ आले. मे महिन्यात सोलापुरात स्प्रिंगसुद्धा ढिली पडते, असे मामा म्हणतात. मला ते पटत नाही. या आकड्यांवरून दोन शस्त्रांची तुलना करता येईल का?

प्रतिसाद :

उन्हाला दोष देऊ नये. ४३ अंशांनी पोलादी स्प्रिंग ढिली पडत नाही. दोष तुमच्या फासाचा आहे. ट्रिगर ही वर खिळीवर फिरणारी तरफ आहे. खिळीपासून १८ मिलिमीटरवर जिथे ५.५ किलो लागतात, तिथून फास घसरून २२ मिलिमीटरवर आला तर तीच स्प्रिंग ४.५ किलोच दाखवते. वक्र ट्रिगर मागे जाताना सुताचा फास टोकाकडे घसरतोच. त्याऐवजी तारेचा आकडा वापरा, बोट जिथे टेकते तिथे पेनाने खूण करा, आणि नळीला समांतर, सावकाश, न थांबता ओढा. सिलिंडरची सहाही घरे स्वतंत्र मोजा, कारण सिलिंडर फिरवणाऱ्या दात्यांत थोडाफार फरक असतो. प्रत्येक घराचा सर्वांत मोठा आकडा लिहा. शक्यतो डमी (दारू नसलेली) काडतुसे घाला.

घोडा ओढलेल्या स्थितीसाठी काट्यापेक्षा वजने बरी. नेमबाजीच्या स्पर्धेतही तसेच करतात : नळी उभी, तोंड वर, आणि ट्रिगरच्या मध्यावर अडकवलेले वजन टेबलावरून सावकाश उचलायचे, घोडा न पडता ते उचलले गेले की शस्त्र पात्र. सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या काडतुसांच्या) पिस्तूल प्रकारात ही किमान मर्यादा १००० ग्रॅम आहे, एअर पिस्तुलात ५००. घरी किराण्याची वजने पिशवीत घालून वाढवत जा. परदेशी माहितीपत्रकांतले पौंडांचे आकडे ०.४५४ ने गुणून घ्या, नाहीतर १२ पौंड वाचून माणूस उगाच घाबरतो.

मूळ प्रश्नकर्ता :

आभारी आहे. खूण करून, तारेच्या आकड्याने पुन्हा मोजले. माझ्या रिव्हॉल्व्हरची सहाही घरे ५.६ ते ५.९ किलोंच्या दरम्यान आली, मामांची ५.२ ते ५.४. पिशवीच्या पद्धतीने घोडा १ किलो ९५० ग्रॅमला पडला. स्प्रिंग आहे तशीच ठेवत आहे.