महाग दारू आणि हातभट्टी

‘दारू महाग केली की पिणारे आपोआप कमी होतात’ असं नेहमी म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. जून 2025 मध्ये राज्याने स्वस्त गटातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. तेव्हा 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये आणि विदेशीला 205 झाली. रोजंदारीवाला विदेशीवरून देशीवर आणि तिथून हातभट्टीवर उतरतो. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात ती काही दुर्मिळ नाही, आणि तिच्यावर शुल्क शून्य! मोहाचा नाहीतर काळ्या गुळाचा सडवा (आंबवलेलं मिश्रण), वर नवसागर. ताकद कोणी मोजत नाही. कडक करायला मिथेनॉल मिसळलं तर आधी डोळे जातात. म्हणून शुल्क वाढवताना भट्ट्यांवरची कारवाई आणि तालुक्याला व्यसनमुक्तीची सोय त्याच पैशातून हवी. नुसती वसुली असेल तर माझा विरोध.