दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन बाईचंच का?

उपकेंद्रवाली
मी आरोग्यसेविका आहे. दुसरं मूल झालं की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, 'आता हिचं ऑपरेशन करून टाकू.' त्याचं का नाही, असं विचारलं की सासूबाई पुढे येतात. 'त्याला रानात राबायचं असतं, अंगातली ताकद गेली म्हणजे?' बैल बडवतात तसंच काहीतरी पुरुषाचं करतात, हा समज शिकलेल्या घरांतही घट्ट बसलाय.

बैलाचं अंडच निकामी करतात. नसबंदीत अंडाला हातही लागत नाही. शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या कापून बंद करतात, एवढंच. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्या नळ्यांतून जातच नाही. म्हणून ताकद, दाढीमिशी, इच्छा, काहीच कमी होत नाही. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा फार थोडा असतो. बिनटाक्याच्या पद्धतीत तेवढाच भाग बधिर करतात आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. बाईच्या वेळी मात्र पोटावर छेद द्यावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याचं झालेल्या फक्त 0.3 टक्के. बाळंतपण तिनं सोसायचं, तांबी तिनं बसवायची आणि ऑपरेशनही तिचंच. मला हे मान्य नाही.

शिवारातला
ताई, सगळं अडाणीपणावर ढकलू नका. आमच्या वडिलांच्या पिढीनं आणीबाणी पाहिली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. मास्तरांना 'केसेस' आणायला लावलं, नाहीतर पगार अडायचा. आपल्या राज्यानं तर सक्तीचं विधेयक विधिमंडळात मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. माणसाला धरून नेऊन केलेली गोष्ट तो आपल्या पोराला चांगली म्हणून कशी सांगेल?

उपकेंद्रवाली
ते भय खरं होतं, नाकारत नाही. पण त्यानंतर झालं काय? पुरुष बिथरले म्हणून सरकारनं त्यांचा नाद सोडला आणि सगळा भार बायकांवर आला. 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली. त्यातल्या डझनभर तरी जणी दगावल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावं लागलं. पुरुषांवर झालेल्या अन्यायाची किंमत या बायकांनी का मोजायची?

दोघांची_आई
माझं मत तुम्हाला आवडणार नाही. आमचे हे तयार होते, तरी मी हट्टानं माझं करून घेतलं. त्यांचं झालं असतं आणि नंतर मला दिवस गेले असते तर? बोट माझ्याकडेच वळलं असतं. आमच्या भावकीत नेमकं हेच झालं. नसबंदीनंतर दोन महिन्यांत बायकोला दिवस राहिले आणि तिला माहेरी धाडली. माझं फसलं तर लोक डॉक्टरला नावं ठेवतील, मला नाही. ताकदीबिकदीचं मला काही वाटत नाही, मला भीती आहे ती याची.

डॉक्टर_तालुक्याचा
त्या बाईवर घोर अन्याय झाला, कारण दोन महिन्यांत दिवस राहणं अगदी शक्य असतं. ऑपरेशनच्या आधी पुढे गेलेले शुक्राणू नळीत राहिलेले असतात. म्हणून निदान तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करायची. त्यात शुक्राणू नाहीत असं आल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही. हे नवऱ्याला, बायकोला आणि घरच्यांना आधीच सांगायला हवं होतं. तपासणी नीट झाली की पुढे दिवस राहण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक. बायकांच्या ऑपरेशनात ती दोनशेत एक धरतात.

शिवारातला
तपासणीला पुन्हा तालुक्याला या म्हणता. त्या दिवसाची मजुरी कोण देणार? आणि काहींना पुढे महिनोन्महिने दुखतं, तेही सांगा की.

डॉक्टर_तालुक्याचा
सांगतो. शंभरात एक-दोघांना टिकून राहणारं दुखणं होतं. आठवडाभर जड उचलायचं नाही, म्हणजे सुगीत करू नये. आणि हे कायमचं समजूनच करावं. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची हमी नाही. मन डळमळीत असेल त्यानं निरोध वापरावा. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. यांनी वांझपण येत नाही. अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, एवढंच. पण मजुरीचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. नमुना उपकेंद्रातच घेऊन वेळेत तालुक्याला पोचवण्याची सोय व्हायला हवी.

दोघांची_आई
डॉक्टर, रिपोर्ट नवऱ्याच्या खिशात राहून उपयोग नाही. आधी तीन महिन्यांचं आणि नंतर रिपोर्टचं, दोन्ही आशाताईंनी घरी येऊन, नवऱ्याची परवानगी घेऊन, सासूसमोर मोठ्यानं सांगायला हवं. एवढं होणार असेल तर माझ्या धाकट्या जावेला मी स्वतः सांगेन, दिरांचं करून घे म्हणून. तिचं दुसरं बाळ सहा महिन्यांचं आहे. ती अंगावर पाजतेय, पण पाळी सुरू झालीय, आणि घरात सगळे म्हणतात पाजतेय तोवर काही होत नाही.

उपकेंद्रवाली
पाळी आली म्हणजे तो आधार संपला. सहा महिन्यांच्या आतही पाळी आली नसेल आणि बाळ निव्वळ अंगावर असेल तरच तो धरतात. दोघांना उद्याच उपकेंद्रावर पाठवा, तोवर निरोध वापरायला सांगा. दिरांनी ठरवलं तर रिपोर्टच्या वेळी आशाताईंबरोबर मी घरी येते.