जर्मनीत कवी तुपात आहेत म्हणे!

निळी शाई
चार दिवसांत तिघांनी मला एकच पोस्ट पाठवली. "जर्मनी कवीला राजासारखं ठेवते. एका ब्यूखनर पुरस्काराचे पन्नास हजार युरो! आणि आपण? शाल, नारळ आणि परतीचं एसटीचं तिकीट." खाली रडके चेहरे. पुरस्कार डार्मश्टाटला देतात आणि मी तिथून वीस मिनिटांवर राहते, म्हणून सगळे मलाच पाठवतात. लिहिणार नव्हते, पण 'राजासारखं' हा शब्द डोक्यात गेला.

ब्यूखनर कोणाला मिळतो आणि कधी? २०२० मध्ये कवयित्री एल्के एर्बना मिळाला तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. पूर्व जर्मनीत आयुष्य गेलं, बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागातल्या पोरांच्या कविता वाचून, त्यांना वाट दाखवून झाली, रशियन कवींचे अनुवाद करून झाले, मग पुरस्कार देणाऱ्या अकादमीला जाग आली. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. राजयोग म्हणायचा तर साडेतीन वर्षांचा. आणि हा पुरस्कार वर्षाला एक. त्यात ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आले, कादंबरीकार, नाटककारही आले.

खरी तिडीक पुढे आहे. इथल्या कवीला लोक ओळखतात तो कादंबरी लिहितो तेव्हा. लुट्स झायलर मूळचा कवी. २०१४ चा जर्मन बुक प्राइझ कादंबरीला, २०२० चा लाइप्झिग पुस्तकमेळ्याचा पुरस्कारही कादंबरीला, मग २०२३ मध्ये ब्यूखनर. मार्टिना हेफ्टर वर्षानुवर्षं कविता लिहीत होती, नाचत होती. कादंबरी लिहिली आणि २०२४ च्या जर्मन बुक प्राइझचे २५,००० युरो तिचे झाले. दिन्चेर ग्युच्येतेर स्वतःचं कवितांचं प्रकाशन चालवण्यासाठी फोर्कलिफ्ट चालवायचा. २०२२ मध्ये त्याला कवितेसाठी, कवी पेटर हुखेलच्या नावाचा पुरस्कार मिळाला, पण घराघरात नाव गेलं ते २०२३ मध्ये, लाइप्झिगला कादंबरी जिंकल्यावर. जर्मन बुक प्राइझ तर नियमानेच कादंबरीचा. तूप आहे, पण ते गद्याच्या ताटात.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
ताई, तुमचं म्हणजे बासुंदीत चारोळी कमी पडली म्हणून ताटावरून उठण्यासारखं आहे. ब्यूखनर सोडा. उल्याना वोल्फला २००६ मध्ये हुखेल पुरस्कार मिळाला, पहिल्याच संग्रहाला. सव्वीस वर्षांची होती. डार्मश्टाटचाच लेओन्स उंड लेना पुरस्कार पस्तिशीच्या आतल्या कवींसाठी, दर दोन वर्षांनी. फ्रांकफुर्टचं बेर्गन-एन्कहाइम १९७४ पासून दरवर्षी एका लेखकाला घर देतंय, पैसे देतंय. तुमचा झायलर विल्हेल्म्सहोर्स्टला हुखेलच्याच घरात राहिला, तिथले कार्यक्रम बघायचं काम करत. आणि के-एस-के, म्हणजे कलाकार-लेखकांची सामाजिक विमा योजना? १९८३ पासून कवी आरोग्यविम्याचा आणि पेन्शनचा अर्धाच हप्ता भरतो. उरलेल्या अर्ध्यात २० टक्के सरकार, ३० टक्के कलेवर धंदा करणारे. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तर कवीला घर विकावं लागत नाही. हे तुम्हाला दिसत नाही, कारण तुमच्या विम्याचा अर्धा हप्ता तुम्ही नोकरी करता ती कंपनी भरते.

मी श्टाउफनला गेलो होतो, हुखेल पुरस्कार जिथे ३ एप्रिलला देतात ते गाव. बायकोला फाउस्टचं गाव बघायचं होतं, मला केक खायचा होता. २००७ मध्ये जमिनीतली उष्णता काढायला भोकं पाडली, तेव्हापासून गाव फुगतंय, घरांना हातभर लांब तडे गेलेत. पण दरवर्षी एका कवीसाठी लोक जमतात. हुखेलला पूर्व जर्मनीने मासिकाच्या संपादकपदावरून काढलं, वर्षानुवर्षं एकटं पाडलं. म्हातारपणी तो या गावात आला आणि १९८१ मध्ये इथेच गेला. गावाला अजून आठवण आहे. तुमच्या गावात आहे का अशी आठवण?

निळी शाई
माझा विमा कुठून आला मध्ये? मी के-एस-केबद्दल एक अक्षर बोलले नाही. तो पुरस्कार नाही, हक्क आहे. मला तेच म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यासाठी म्हटलंत. आभार.

निवृत्त मास्तर
प्रथम, ब्यूखनर नव्हे. तो 'ख' नाही, 'श' आणि 'ह' यांच्या मधला आवाज आहे. तीस वर्षं पुण्यात हेच शिकवलं, तीस वर्षं कोणी ऐकलं नाही, असो.

ज्याच्या नावाने हे पन्नास हजार देतात त्याची गोष्ट कोणीच कशी सांगत नाही? १८३६ मध्ये कोटा या बड्या प्रकाशकाने विनोदी नाटकाची स्पर्धा लावली. आपला ब्यूखनर कफल्लक, देशाबाहेर पळालेला, डोक्यावर पकडवॉरंट, कारण १८३४ मध्ये 'झोपड्यांना शांतता, महालांशी युद्ध' अशी पत्रकं वाटली. त्याने घाईघाईने 'लेओन्स उंड लेना' लिहून पाठवलं. मुदत टळली होती. पाकीट न उघडता परत आलं. पुढल्या फेब्रुवारीत टायफसने गेला, वय २३. आज त्याच्या नावाचा पुरस्कार आहे आणि त्या उशिरा पोचलेल्या नाटकाच्या नावाचाही आहे, दोन्ही डार्मश्टाटला. दुसऱ्याला वयाची अट आणि अर्जाची मुदत. तरुण पोरांनो, पाकीट वेळेवर टाका.

कोथरूडचा कावळा
मास्तर, एक नंबर. पण मूळ दुखणं ज्यूरीचं आहे. जर्मन कवी एन्झेन्सबर्गर म्हणून गेलाय की नवा कवितासंग्रह खरोखर हातात घेणारी माणसं १,३५४. गंमत म्हणून काढलेला आकडा, पण गंमत खरी आहे. त्या १,३५४ मधलेच कवी, तेच समीक्षक, तेच ज्यूरी. यंदा मी तुला, पुढल्या वर्षी तू मला. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या जुन्या ज्यूरीतल्या दोघी कवयित्रींनीच 'डी त्साइट' साप्ताहिकात लिहिलं की लेखक कुठला, कोणत्या रंगाचा यावरून निवड फिरली. संस्थेने नाकारलं. नाकारणारच.

आणि आपल्याकडचं सांगतो. माझ्या संग्रहाला एक पुरस्कार 'जाहीर' झाला. फोनवर गोड आवाज: "सर, अभिनंदन! फक्त कार्यक्रमासाठी पन्नास प्रती आपल्याकडून घ्याव्या लागतील, आणि स्मरणिकेत एक जाहिरात." मी म्हटलं, मग पुरस्कार मी तुम्हाला देतो की. फोन ठेवला. आई आजही म्हणते, घ्यायला हवा होतास, भिंतीवर दिसला असता.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
कावळेराव, तुमच्या पन्नास प्रतींचा जर्मनीशी काय संबंध? यान वाग्नरला २०१५ मध्ये लाइप्झिगचा पुरस्कार मिळाला, कवितासंग्रहाला पहिल्यांदाच. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते काय १,३५४ जणांनी घेतले? त्याची गीर्श या तणावरची कविता वाचा. बागेत एकदा शिरलं की निघत नाही, आपल्या हराळीसारखं. नावातच 'गीर' म्हणजे हाव लपलेली. मी भाषेच्या वर्गात बी-टूला होतो, तरी अंगावर काटा आला.

कोथरूडचा कावळा
तेच तर! ज्यूरीला चालणारी कविता म्हणजे तण, रेनकोट, पावसाच्या पाण्याचं पिंप. कोणाला बोचत नाही. तिथल्या समीक्षकांनीच त्याला निरुपद्रवी म्हटलं होतं. बोचणाऱ्या कवितेचं काय होतं ते बर्लिनच्या हेलर्सडॉर्फला बघा. आलीस झालोमोन कॉलेजने २०११ मध्ये कवी ऑयगेन गोमरिंगरला पुरस्कार दिला, त्याची एक स्पॅनिश कविता इमारतीच्या भिंतीवर भली मोठी रंगवली. मुळात सहा शब्दांचा खेळ: रस्ते, फुलं, बायका, चाहता, 'आणि', 'एक'. पुढे विद्यार्थिनींच्या भावना दुखावल्या आणि २०१८ मध्ये पुसली. नव्वदी पार केलेला म्हातारा, त्याचाच पुरस्कार, त्यांचीच भिंत. बायका मध्ये पडल्या की कवितेचं असंच होतं.

मृण्मयी
शेवटचं वाक्य परत वाचा, मग मी बोलते.

कोथरूडचा कावळा
वाचलं. बदलणार नाही.

मृण्मयी
ठीक. मी हेलर्सडॉर्फला दोन हिवाळे काढलेत. साडेचारला अंधार. मेट्रोतून उतरलं की तो चौक, आणि चौकाकडे तोंड करून ती भिंत. चौकात बिअरच्या बाटल्या घेऊन 'चाहते' उभे असायचे. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, पण कवितेचा अर्थ बरोब्बर पाठ होता. मी चावी मुठीत धरून चालायचे. २०१६ मध्ये मुलींनी पत्र लिहिलं त्यात हा चौकही होता, पण ते कोणी छापत नाही. 'भावना दुखावल्या' एवढंच छापतात.

आणि कविता नीट बघा. बायका अनेकवचनी, रस्त्यांच्या आणि फुलांच्या रांगेत. बघणारा तेवढा एकवचनी. कोणी बंदी घातली नाही. पुस्तकात आहे, रेहाउला तो राहायचा तिथे भिंतीवर आहे. एका भिंतीवरून उतरली, तर कवितेचा गळा घोटला म्हणे.

निवृत्त मास्तर
बाळ, ती कविता १९५१ ची आहे. तीत एकही क्रियापद नाही. कोणी काही करत नाही. तो चाहता म्हणजे कवी स्वतःच, सगळ्यात शेवटी, एकटा, जरा हास्यास्पद उभा आहे. चौकातल्या दारुड्यांचं पाप सहा शब्दांवर टाकणं हे वाचन नव्हे. ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत असं वाचायला घेतलंत तर भिंती पांढऱ्याच राहतील.

मृण्मयी
काका, 'बाळ' नको. माझं वय ३८.

निवृत्त मास्तर
मग 'काका'ही नको.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
धागा पुरस्कारांचा होता हो. कोणी आहे का?

कोथरूडचा कावळा
पुरस्काराचाच आहे. ज्याने दिला त्यानेच पुसलं. उद्या कोणाच्या पुरस्कारावर विश्वास ठेवायचा? आणि ताई, चावी मुठीत धरायला कवितेने लावलं नाही.

मृण्मयी
नाही लावलं. पण रोज रात्री मला तीच का वाचायला लावायची? आणि पुसून भिंत कोरी ठेवली नाही हे सोयीस्कर विसरलात. तिथे बार्बरा क्योलरची कविता आली. तिलाही त्याच कॉलेजचा पुरस्कार, २०१७ चा. गोमरिंगरची काही अक्षरं तिने खालून दिसू दिली. माझ्या मते एवढा सभ्य वाद कवितेत कोणी घातला नसेल. इथे तर नाहीच.

निवृत्त मास्तर
क्योलरबाईंचं मान्य करावं लागेल. नाइलाजाने. त्यांनी सगळं कॅपिटलमध्ये लिहिलंय, त्यामुळे SIE हा शब्द… क्षमा, 'झी' हा शब्द ती, ते की आपण, हे कळायला मार्गच उरत नाही. कोण कोणाचं कौतुक करतंय ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मराठीत आणायचा प्रयत्न केला. तीन संध्याकाळी गेल्या. 'ती' घेतलं तर 'आपण' मरतं, 'आपण' घेतलं तर 'ती'. सोडून दिलं. कवितेचं श्रेय देतो, भिंत रंगवल्याचं देत नाही.

मृण्मयी
अर्धं श्रेय! चालेल. तारीख लिहून ठेवते.

निळी शाई
धागा माझा होता, म्हणून एक आठवण. पुसण्याचा विषय निघालाच आहे, तर पैशाला दोरी असते हेही बोला. डॉर्टमुंडने २०१९ मध्ये पाकिस्तानी-ब्रिटिश लेखिका कामिला शम्सीला नेली झाक्स पुरस्कार जाहीर केला आणि तिच्या इस्रायल-बहिष्काराच्या भूमिकेवरून परत घेतला. नेली झाक्स स्वतः निर्वासित कवयित्री. "जर्मनीकडून शिका" म्हणणाऱ्यांनी हेही शिकावं. अर्थात आपण शिकलोच आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर झालेला अनुवादाचा पुरस्कार रद्द केला, निवड समितीसकट.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
म्हणजे तुमचं म्हणणं, पुरस्कारच नकोत?

निळी शाई
माझं म्हणणं, पन्नास हजार एकाला देण्याऐवजी दहा जणांना वर्षभराचं भाडं द्या, आणि कादंबरी लिहून आणा म्हणू नका.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
फ्रांकफुर्टच्या भाड्यात पाच हजारांत चार महिने निघतात. तुम्हालाच माहीत असेल.

निळी शाई
…बरं. तीन जणांना.

गोदाकाठ
ती पोस्ट माझी. इतकं सुनावलंत, म्हणून आलो. मला एर्ब माहीत नव्हती, हुखेल माहीत नव्हता. आकडा एका दिवाळी अंकात वाचला होता. वडील शाळेत मास्तर. १९८७ मध्ये पीएफमधून कर्ज काढून संग्रह छापला, ५०० प्रती. मागच्या महिन्यात घर रिकामं केलं, माळ्यावर ३४० निघाल्या, वाळवीने सोडलेल्या. रद्दीवाल्याने किलोचा भाव सांगितला. त्या रात्री पोस्ट लिहिली. 'राजासारखं' चुकलं असेल.

कोथरूडचा कावळा
दोन प्रती मला पाठवा. पैसे देतो. पन्नास घ्यायला लावू नका म्हणजे झालं.

निवृत्त मास्तर
एक मलाही. टपालाने, वेळेवर.

मृण्मयी
मलाही एक. फुलं आणि बायका एकाच ओळीत निघाल्या, तर नवा धागा काढीन.